त्या रविवारी लोडर कुणी हलवला

जे सांगणार आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. कंपनीत कुणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही — असतं तर मी आज ह्या खुर्चीत नसतो. सहा वर्षं झाली. त्यात दोनदा सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा समोरच्याला चहा पाजून मोकळा झालो. असा मी आहे. तुम्हाला ते आधीच कळलेलं बरं.

सुरुवात कुठून करू? रस्त्यापासूनच करतो, कारण माझा सगळा वैताग तिथूनच सुरू झाला. मी निगडीला प्राधिकरणात राहतो आणि नोकरी चाकणला. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी जेवायला बसावं आणि फोन यावा — साहेब, मशीन थांबलंय. मग ट्रेलरच्या मागे तास-दीड तास रांगत जायचं, आणि तिथे जाऊन करायचं काय? एक बटण दाबायचं. फॉल्ट गेला, मशीन चालू. की परत ट्रेलरच्या मागे. माणूस चिडणार नाही का? — बघा, लागलो सबब द्यायला. द्यायची नाही असं ठरवून बसलोय.

तर कंपनीने ठरवलं, की मशीनच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, बाहेरून शिरता येईल अशी काहीतरी सोय घ्यायची. घरी बसून फॉल्ट बघता यावा, घालवता यावा. कोणती सोय घ्यायची ते ठरवायचं माझ्याकडे आलं, कारण मेंटेनन्सचा प्रमुख मी. तीन विक्रेते आले, चकचकीत स्लाइड दाखवून गेले. त्यांतल्या एकाच्या सोयीत मशीनपाशी एक चावी होती. तिथे उभ्या असलेल्या माणसाने ती फिरवल्याशिवाय बाहेरच्याला आत शिरताच यायचं नाही. शिवाय प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. मला ते ऐकूनच कंटाळा आला. म्हणजे घरून काम करायचं तरी आधी फोन करा, माणूस शोधा, त्याला चावीपाशी पाठवा — मग सोय कसली?

त्या मीटिंगला लिंबराज होता. आमचा इलेक्ट्रिशियन, लातूरकडचा, भोसरीत खोली घेऊन राहणारा. वायरिंग त्यालाच करायचं म्हणून बोलावला होता. मीटिंग संपता संपता तो एवढंच म्हणाला, "साहेब, चावीवालं घ्या. आत कुनाचा हात हाय का, ते तुमाला घरून कसं दिसंल?"

मला राग आला. बरोबर बोलला म्हणून आला, हे मला त्याच क्षणी कळत होतं. तिन्ही सोयींच्या तुलनेच्या तक्त्यात मी चावीसमोर लिहिलं — अनावश्यक विलंब. आणि बिनचावीची सोय निवडली. वर आणखी शहाणपणा केला: सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं, 'मेंटेनन्स', आणि एकच पासवर्ड. मी, माझे दोन इंजिनिअर, विक्रेत्याची माणसं, मशीनच्या बटणांच्या पॅनेलपाशी उभा राहणारा — सगळे 'मेंटेनन्स'. पासवर्ड विसरायला नको म्हणून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलासुद्धा. आमच्या पट्ट्यात हे असंच चालतं. काम अडू नये, बस.

सहा-सात महिने मी राजा होतो. फॉल्ट आला की मोबाइलवर मेसेज यायचा आणि दुसऱ्या मिनिटाला मी तो घालवलेला असायचा. फोन नाही, विचारणं नाही. वरचे साहेब खूश, बायको खूश. आता कसं सांगू — मला त्याची चटकच लागली होती.

मग तो रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. मेसेज आला: लोडर अडकला. लोडर म्हणजे मशीनमध्ये जॉब — घडवायचा धातूचा तुकडा — उचलून ठेवणारा यांत्रिक हात. मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर मशीनचं दार बंद दिसत होतं; ते उघडं असेल तर लोडर हलूच नये अशी रचना असते. दाराचा स्विच सारखा दगा देत होता म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच वायर जोडून त्याला कायमचा 'बंद' करून ठेवलेला — दार सताड उघडं असलं तरी पडद्यावर बंदच दिसणार. हे मला माहीत नव्हतं का? माझ्याच सांगण्यावरून केलेलं होतं. शिफ्टला फोन करायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. मी फॉल्ट घालवला आणि लोडरला जागेवर जायची आज्ञा दिली.

आत लिंबराजचा हात होता. अडकलेला जॉब काढायला त्याने घातलेला.

शिफ्टवाल्याचा फोन वीस मिनिटांनी आला. पुढचं मला सलग आठवत नाही. गाडी किती वेगात काढली, एवढंच आठवतं. उजव्या हाताची तीन बोटं वाचली, पण मिटत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नाही. ज्याच्या हातात कला आहे असं आम्ही सगळे म्हणायचो तो माणूस तेव्हापासून स्टोअरच्या खिडकीत बसून नटबोल्ट मोजून देतो.

चौकशी झाली. मशीनच्या नोंदीत एवढंच होतं — फॉल्ट घालवला, लोडर हलवला, नाव: मेंटेनन्स. प्लांटच्या प्रमुखांनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, त्या वेळी बाहेरून कुणी आत होतं का? सगळ्यांच्या आधी मान कुणी हलवली असेल? मी. नाही म्हणून. मग उरलं कोण? जो तिथे उभा होता तो. पॅनेलवर त्यानेच आज्ञा दिली आणि घाईत हात घातला, असं कागदावर आलं. त्या कागदावर माझी सही आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, भित्रा माणूस, नोकरीला घाबरला. तेवढंच असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलोच नसतो.

मी त्याला बघायला भोसरीच्या दवाखान्यात गेलो. शहाळी घेऊन. त्याची बायको मला बसायला स्टूल देऊन बाहेर गेली. लिंबराज छताकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, मला काय आठवंना बगा. पॅनेल बगितलं ते आठवतंय. माझाच हात लागला असंल का ओ?"

तो माझ्यावर आरोप करत नव्हता. संशयही नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि मशीनमधलं सगळं कळणारा म्हणून तो मलाच विचारत होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. कागद, चौकशी, साहेब, कुणी नाही. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "असेल. घाईत होतं असं."

त्याने मान हलवली. त्याला पटलं. माझ्या शब्दावर त्याचा तेवढा विश्वास होता.

आणि एक गोष्ट मी मघाशी गाळली. ती लिहिताना हात थांबला, म्हणून पुढे गेलो. पहिल्या आज्ञेनंतर लोडर अर्ध्यात थांबला आणि पुन्हा फॉल्ट आला — काहीतरी आड येतंय. मी वैतागलो. च्यायला, म्हटलं, एका दमात जाईल तर शपथ. आणि पुन्हा आज्ञा दिली. डॉक्टर म्हणाले होते, हात दोनदा चेपलाय.

मागच्या वर्षी दुसऱ्या शेडसाठी पुन्हा हीच निवड करायची होती. मी अडून बसलो — चावी पाहिजेच, प्रत्येकाचं नाव वेगळं पाहिजेच. सुरक्षेबद्दल किती कळकळ, म्हणून माझं कौतुक झालं. ते मी घेतलं.

आमच्याकडे नवी भरती झाली की पहिल्या दिवशी सुरक्षेचा तास असतो. त्यात लिंबराज बोलतो. ही कल्पना माझी नव्हती, पण मी ती मोडूनही काढली नाही. तो आपला उजवा हात वर करून दाखवतो आणि सांगतो, "म्या घाई केली. चूक माजी व्हती. तुमी करू नका." पोरं त्या हाताकडे बघत ऐकतात. गेल्या वेळी बोलणं संपवून तो माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझी एवढी चूक असून साहेबांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला न्हाई. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. त्याच्यासाठी, असं दिसावं म्हणून.

लिंबराजने पॅनेलला हात लावला नव्हता. दोन्ही आज्ञा माझ्या होत्या. हे मी तुम्हाला सांगितलं. त्याला सांगितलेलं नाही.