खालचा कप्पा

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तिने सारी नोकरी काढली, म्हणून तिला सगळे चौकशीबाईच म्हणत. निवृत्त झाल्यावरही ते नाव सुटलं नाही. जाळीपलीकडचा माणूस "अहो, ती दुपारची..." एवढं म्हणेपर्यंत ती "तिसऱ्या फलाटावर, उशिरा येतेय, तोवर चहा घ्या" असं सांगून पुढच्याकडे वळलेली असायची. कुणाला काय विचारायचंय ते तिला चेहऱ्यावरून, हातातल्या पिशवीवरून, लागलेल्या धापेवरून कळायचं. आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा बरोबरच कळायचं. "माहीत नाही" हे शब्द त्या खिडकीतून कधी बाहेर पडले नाहीत, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आता खिडकीत हे ठीक. पण माणूस घरी येताना सवय काही तिथे जाळीला अडकवून येत नाही. घरीदेखील तिला कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकवत नसे. खालच्या मजल्यावर राहणारी तिची नणंद म्हणायची, "वहिनीकडे गेलं की नुसतं तोंड उघडून उभं राहावं. बाकीचं ती बघते."

नवरा मुळातच कमी बोलणारा. त्यात अशी बायको मिळाल्यावर तर त्याला बोलायचं कारणच उरलं नाही. तो फ्रीज दुरुस्त करायचा. शहरभरचे फ्रीज त्याने गार केले, पण त्याच्या स्वतःच्या घरात एकच, जुना, तिच्या खांद्याला लागणारा. नवा घेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं, "याचा स्वभाव मला माहीत आहे." आणि त्या एकुलत्या एक फ्रीजचा खालचा कप्पा दर हिवाळ्यात त्याच्या कांद्यांनी अडवलेला.

कांदे हा तिचा शब्द. ते होते ऑर्किडचे कंद. ऑर्किड म्हटलं की आपल्याला काचघरात, दमट उबेत लाडावलेलं झाड आठवतं. हे त्यातलं नव्हे. याला हिवाळा हिवाळ्यासारखाच लागतो. थंडी पडू लागली की याचं पान पिवळं होऊन गळतं आणि लसणीच्या गड्ड्याएवढा हिरवा कंद तेवढा कुंडीत राहतो. तो काढायचा, साफ करायचा, कागदी पिशवीत घालून गार, कोरड्या जागी ठेवायचा. गोठूही द्यायचा नाही आणि उबेलाही आणायचा नाही. पाण्याचा तर थेंबही नको. हिवाळा सरत आला की परत कुंडीत. मग पानाच्याही आधी बुडातून कळी निघते आणि त्या एवढ्याशा कंदाला झालरीचं मोठं गुलाबी फूल येतं. जुना कंद त्याच वर्षी सुकून जातो आणि त्याच्या कुशीला नवा धरतो. लग्नाच्या आधीपासून त्याने ही पिढी पुढे चालवली होती.

तिची तक्रार कंदांबद्दल नव्हतीच म्हणा. तिची तक्रार होती सफरचंदांबद्दल. तिला सफरचंद भारी आवडायचं, तेही दात शिवशिवतील इतकं गार. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने पिशवीभर सफरचंदं आणून त्या खालच्या कप्प्यात ओतली, तर नवरा फ्रीजचं दार धरून म्हणाला, "इथे सफरचंद ठेवू नकोस, कारण..."

"कारण आधी तुमचे कांदे, मग माणसं," ती म्हणाली.

तो हसला, सफरचंदं टोपलीत काढून ठेवली आणि दार लावलं. हा किस्सा ती पुढे आल्यागेल्याला रंगवून सांगायची. नवराही ऐकायचा आणि हसायचा. टोपलीतली सफरचंदं चुलीच्या उबेने मऊ पडायची, आणि दर हिवाळ्यात ती त्याच्यावर थोडी थोडी रागवायची.

मग एका वर्षी, कुंडीतली पानं पिवळी पडायच्या सुमाराला, तो स्वयंपाकघरात चहाचा कप धुता धुता कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जीव वाचला. पण दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. हात उचला म्हटलं तरी उचलेना, औषधाला तोंड उघडेना. बोलायला शिकवणारी बाई रोज यायची. ती चित्रं दाखवायची, ओठ हलवून दाखवायची, आणि हात टेकून निघून जायची. जाता जाता चौकशीबाईला मात्र बजावायची, "शब्द त्यांच्या डोक्यात आहेत, बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करू नका."

"छे, मी कशाला करतेय," चौकशीबाई म्हणायची.

एके दुपारी त्याने डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर लहानसा गोल काढला. पुन्हा काढला. पुन्हा.

"कंद," ती म्हणाली. हे तिने बरोबर ओळखलं. "मी बघते. एकही मरू द्यायची नाही. पण मग तुम्हीही हात हलवायचा. फुलं तुम्हाला तुमच्या पायांवर उभं राहून बघायची आहेत, मी काही कुंड्या उचलून इथे आणणार नाही."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत विश्वास वगैरे काही नव्हता, उगाच कशाला म्हणा. पण दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि व्यायाम घेणाऱ्याच्या हातात हात दिला. चौकशीबाईचा जीव भांड्यात पडला. पण फुलांच्या नावावर तिने नवऱ्याला उठवलं होतं. आता फुलं यायलाच हवी होती.

आणि तिने सगळं नीट केलं. इतकी वर्षं भाजी निवडता निवडता त्याच्याकडे तिरक्या डोळ्याने पाहिलेलं होतं, ते कामाला आलं. शिवणाच्या कात्रीने तिने वाळलेली मुळं कापली, बुडाशी थोडीशी ठेवून. सालपटं अंगठ्याने हलकी सोडवली. कागदी पिशव्या त्याच घेतल्या. दवाखान्यातून आलं की एकेक कंद दाबून बघायची, कुठे मऊ तर पडला नाही ना. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला तरी इतकं जपलं होतंस का गं?" चौकशीबाईने तिला चहा न विचारताच परत पाठवलं.

फक्त एक केलं. कंद ठेवूनही खालचा कप्पा अर्धा रिकामा राहत होता, आणि अडवायला घरात कुणी नव्हतं. बाजारात लालबुंद सफरचंदं आली होती. तिने आणली आणि कप्प्यात नीट रचली. दवाखान्यातून दमून आलं की दिवा न लावता फ्रीज उघडायचा आणि त्याच्याच उजेडात उभ्या उभ्या एक खायचं. अपराध्यासारखं वाटायचं, आणि सुखही वाटायचं. त्या हिवाळ्यात तिला दुसरं कसलं सुख होतं?

हिवाळ्याच्या मध्यावर तो घरी आला, काठी टेकत. कोटही न काढता आधी फ्रीजशी गेला, दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"सफर... चंद... का... का..."

"हो, आणलीत. तुम्हालाच देते कापून, बसा तर खरं."

त्याने मान हलवली. तोंड वाकडं करून परत जुळवाजुळव सुरू केली. "का... कारण..."

"गार लागेल म्हणता? देते कोमट करून."

तो खुर्चीवर बसला. तिने फोडी केल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि एक फोड उचलून खाल्ली.

थंडी ओसरू लागली तशी तिने कुंड्या भरल्या. तो काठीने दाखवायचा, अजून वर, अजून वर, कंद अर्धा उघडा राहू दे. काही दिवसांनी बुडातून कोंब निघाले. ती सकाळी उठल्या उठल्या बघायची. कोंब आले, उलगडले, त्यातून पानं आली. कळीच्या जागी प्रत्येकात एक करडं, वाळकं टोक होतं, बोट लावलं की गळून पडणारं. तिने कुंड्या फिरवून ठेवल्या, पानं त्याच्याकडे करून. "यंदा उशीर होतोय जरा," ती म्हणाली. बसच्या बाबतीत ती हे हजारो वेळा बोलली होती.

शेवटी ती त्याच्या ओळखीच्या रोपवाटिकेत गेली. तिथली मालकीण हात पुसत बाहेर आली आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "फ्रीजमध्ये शेजारी फळं होती का? सफरचंदं वगैरे?"

चौकशीबाईने होकारार्थी मान हलवली.

"पिकलेल्या फळातून एक वायू निघतो. आपल्याला काही वास येत नाही. पण कंदाच्या आतली कळी त्याने आतल्या आत मरते. कंद जगतो, घाबरू नका. फक्त फूल जातं. तुमच्या यजमानांना माहीत असणार की, ते तर यातले जुने."

घरी येताना तिने बस सोडून दिली आणि चालत आली. राग आला होता, तोही डोक्यात तिडीक जाणारा. तो टेबलाशी बसून डाव्या हाताने उजव्याची बोटं सरळ करत होता. तिने पिशवी आपटली.

"तुम्हाला माहीत होतं. सफरचंदाने कळी मरते हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही मला? एका वाक्याचं तर काम होतं. मी उगाच वर्षानुवर्षं रागवत बसले."

त्याचे ओठ हलू लागले. ती थांबली. शहाणपणाने नाही हो, या प्रश्नाचं उत्तर तिला खरोखरच ठाऊक नव्हतं म्हणून थांबली.

"सांगत... होतो," तो म्हणाला. मग पुष्कळ वेळ गेला. "तू... पुरं... केलंस."

सुरात दोष नव्हता. असता तर तिला भांडता तरी आलं असतं. तिला तो पहिला हिवाळा आठवला, दार धरून उभा असलेला तो, आणि आल्यागेल्याला रंगवून सांगितलेला तो किस्सा. मग कोट न काढता फ्रीजशी उभा राहिलेला तो आठवला. तिला लाज वाटली, इतकी की ती तिथेच खुर्चीत बसून रडली. फुलं नाहीत, आता हा परत भिंतीकडे तोंड करणार, हेही ती रडता रडता बोलून गेली. त्याने काठी टेकली, उठला, खिडकीशी गेला आणि एका कुंडीतली माती बोटाने बाजूला केली. सुरकुतलेल्या जुन्या कंदाच्या कुशीला वाटाण्याएवढा हिरवा फुगवटा आला होता.

"पुढल्या... वर्षी," तो म्हणाला. आणि परत येऊन बोटं सरळ करत बसला.

उन्हाळा त्या पानांना पाणी घालण्यात गेला. थंडी सुरू झाली, पानं पिवळी पडली, आणि एका दुपारी दोघं टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून कंद साफ करायला बसले. ती कात्री चालवत होती, तो डाव्या हाताने पिशव्या भरत होता. नणंदही चहाला येऊन बसली होती. खालचा कप्पा पुसून रिकामा ठेवलेला, सफरचंदं बाहेर गार गॅलरीतल्या पेटीत.

त्याने पिशवी खाली ठेवली.

"इथे... सफरचंद... ठेवायचं नाही. कारण..."

आणि अडकला. कपाळावर आठ्या आल्या, ओठ नुसतेच मिटले आणि उघडले. नणंदेला राहवेना, तिने तोंड उघडलं, तशी चौकशीबाईने टेबलाखालून तिचा पाय दाबला. चहावर साय धरली. रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी गेली. चौकशीबाईने कात्री मिटली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कारण... त्याच्यातून... वायू... निघतो," तो म्हणाला. "आतली... कळी... मरते."

"असं होय," चौकशीबाई म्हणाली. "मला माहीत नव्हतं."