सलीमने सोडवलेली एरर

खरं सांगतो मंडळी, इथले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. चकवा, सावली, हाक ऐकू येणं... आपला विश्वास शून्य! माणूस कॉम्प्युटरवाला. काही बिघडलं तर त्याला कारण असतंच, ते फक्त सापडायचं असतं – हेच शिकलेलो. तरीही हे लिहितोय.

२००६-०७ च्या सुमाराची गोष्ट. शिरूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत मी आणि माझा मित्र सलीम वेबसाईट बनवून द्यायचो. एक गाळा, दोन अवजड मॉनिटर, नुकतंच आलेलं ब्रॉडबँड आणि रोजचं लोडशेडिंग. काय दिवस होते ते! एखाद्या मंगल कार्यालयाची साईट झाली की समोर आप्पांच्या टपरीवर भजी खात आम्ही थेट अमेरिकेच्या गप्पा मारायचो.

आमची सगळ्यात लाडकी साईट मात्र फुकटातली होती. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या रक्तदात्यांची. गावोगाव फिरून सलीमने माणसं जोडलेली. नंबरांचा कुणी गैरवापर करू नये म्हणून त्याने ते गुप्त करून ठेवले होते. साईट चालू असेल तरच वाचता यायचे, नुसती फाईल उघडली तर अगम्य अक्षरं.

आणि नेमकी तीच साईट बंद पडलेली. होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा, बदललं होतं, जुन्या सर्व्हरचा बॅकअप नव्या जागी चढवायचा होता, पण इम्पोर्ट म्हटलं की लाल अक्षरात – ‘ॲक्सेस डिनाईड’. परवानगी नाही! सलीमने दोन दिवस डोकं आपटलं, शेवटी म्हणाला, “हे आपल्या बसची बात न्हाई राव.”

त्यातच त्याच्या मोठ्या बहिणीला, शबानाआपाला, बाळंतपणासाठी दौंडला दवाखान्यात नेलं. सलीम पहाटेच तिकडे गेला. दुपारी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

“आपाचं लई रक्त गेलंय रे... ओ निगेटिव्ह पायजे. हिथं न्हाई. पुण्याहून यायला उशीर व्हईल. आपल्या साईटवर होता ना कोणतरी?”

“नाव आठवतंय?”

“काहीच आठवंना...” आणि फोन कट. परत लागेचना.

मी बसलो इम्पोर्टला. ॲक्सेस डिनाईड. पुन्हा तेच. असा तास-दीड तास गेला. लाईट गेलेली, यूपीएस ओरडत होता.

तेवढ्यात दारातून सलीम आत आला.

मला काहीच वाटलं नाही हो! गाडीवर आला असेल म्हटलं. मी टपरीकडे बघून चहासाठी दोन बोटं दाखवली. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “फाईल उघड. वरच्या दोन ओळी काढ. त्या नवा डेटाबेस बनवाया सांगत्यात, आन् शेअर्ड होस्टिंगवर तो हक्क आपल्याला न्हाई. डेटाबेस कंट्रोल पॅनलमधून बनव, युजर जोड, सगळ्या परवानग्या दे.”

मी केलं. चहा आला, प्यायलो.

“आता खाली बघ. जुन्या सर्व्हरच्या युजरचं नाव राह्यलंय काही ठिकाणी. ‘डिफायनर’ म्हणून. तेबी उडव.”

उडवलं. इम्पोर्ट दाबलं... हिरवी पट्टी! साईट उघडली, ओ निगेटिव्ह शोधलं – न्हावरे गावचे एक मामा, फुलांची शेती करणारे. फोन लावला. “निघालोच,” एवढंच म्हणाले ते.

मी वळलो तर स्टूल रिकामं. दौंडला पळाला असणार, मला वाटलं.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आपा शुद्धीवर आली होती. मुलगी झालेली. सलीमने मला मिठीच मारली.

“कसं जमवलंस रे?”

“कसं म्हंजे? तूच तर सांगितलंस ना!”

“मी? मी हिथनं हललोच न्हाई.”

त्याचे अब्बा बाकावर बसले होते. तेही म्हणाले, “पोरगं दिवसभर हिथंच हाय.”

मी डिफायनरचं सांगितलं. तो शब्दच तो पहिल्यांदा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर विचारलं. आप्पा म्हणाले, “सलीमभाई? म्या तर न्हाई पाह्यलं. पर तुम्ही दोन चहा मागवले, आन् दोनी कप रिकामे आले.”

ताणामुळे भास झाला म्हणावं तर मला माहीत नसलेलं उत्तर भासाला कुठून माहीत? बरीच वर्षं कारण शोधलं. नाही सापडलं. गाळा कधीच सुटला, मी पुण्याला आलो, सलीम रांजणगावला कंपनीत लागला. भेटलो की तो एकदा तरी विचारतोच.

“तवा मी कसा दिसत होतो रे? घाबरलेला?”

“नाही. एकदम शांत होतास.”

मग तो विषय बदलतो. परवा मात्र हलकेच म्हणाला, “मी त्या टायमाला दवाखान्याच्या मागं जाऊन रडत होतो. आन् सारखं एकच वाटत होतं... आत्ता मी शिरूरला असतो तर.”