गोठलेला सडा

वेलदोड्याच्या चहाचा वास घरभर दरवळत होता आणि खिडकीबाहेर जानेवारीचा निळसर, घट्ट अंधार अजून हलायला तयार नव्हता. नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट नावाच्या गावात हिवाळ्यातला सूर्य सरकारी बाबूसारखा असतो. उशिरा येतो, लवकर निघतो आणि मधल्या वेळातही फारसं काही करत नाही. त्या सकाळी मुग्धाला, माझ्या बायकोला, कळा सुरू झाल्या. मिडवाईफ फोनवर शांतपणे म्हणाली, आता निघा, पण सावकाश या. रस्त्यांवर बर्फ साचलाय, फारच निकड असेल तरच बाहेर पडा, असं मोबाईल रात्रीपासून बजावत होता. मला इथला गाडी चालवायचा परवाना पुण्याचा परवाना जमा करून मिळालेला. बर्फाची परीक्षा माझी कुणी घेतलीच नव्हती.

दार उघडलं आणि मुग्धाचा पाय सरकला. मी दंड धरला म्हणून ती वाचली. लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी, आज घरात शुभ घडणार म्हणून, उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाण्याचा सडा टाकला होता आणि त्या जीवघेण्या थंडीत तो पडल्या जागी गोठून गुळगुळीत झाला होता.

"आई, अहो, इथे पाणी टाकतात का कधी!" माझा आवाज चढलाच.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खांद्यावरची सोलापुरी चादर काढून त्यांनी बर्फावर अंथरली, तिची टोकं दोन्ही हातांनी दाबून धरली आणि लेकीला म्हणाल्या, "ये, यावरून ये."

आइंडहोवनच्या दवाखान्याचा रस्ता एरवी चहा निवायच्या आत संपतो. त्या दिवशी तो संपता संपेना. दोन्ही बाजूंची बर्चची झाडं कणाकणाने पांढरी झालेली, हवेत धुराचा आणि ओल्या लोखंडाचा वास, आणि रस्ता इतका चकचकीत की समोरचे दिवे त्यात खोल बुडालेले दिसत. पहिल्याच वळणावर गाडीचा मागचा भाग अलगद बाजूला निघाला. पाय ब्रेककडे धावला, तोच मुग्धा दात आवळून म्हणाली, "ब्रेक नको मारूस रे, सोड तिला." मी पाय उचलला. गाडीने क्षणभर विचार केला आणि मुकाट्याने सरळ झाली.

"सावकाश, मंदारराव," मागून सासूबाईंचा अगदी हळू आवाज आला. "पहिलटकरणीला वेळ असतो."

मग पुढच्या रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारा ट्रक भेटला. त्याचा नारिंगी दिवा फिरत होता आणि खडे आमच्या बंपरवर टकटक वाजत होते. त्याला ओलांडायची मला जराही इच्छा झाली नाही. जगात इतकं निर्धास्त वाटावं असं त्या क्षणी दुसरं काहीच नव्हतं.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. सुटलो! खिडकीतून पिवळं, कोवळं ऊन पलंगापर्यंत आलं होतं आणि मला हसू येत होतं, रडूही येत होतं. नर्सने बाळ माझ्यापुढे धरलं, तर मला हातच पुढे करता येईनात. सकाळी स्टिअरिंगवर आवळलेली बोटं जी आखडली होती, ती अजून पुरती उलगडत नव्हती. सासूबाई जवळ आल्या. त्यांनी माझा हात आपल्या उबदार तळव्यात घेतला, एकेक बोट चोळून सरळ केलं आणि मग त्या उघड्या ओंजळीत नातीला ठेवलं.