शैलीचा रकाना

नील, सई — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. आजोबा गेले तेव्हा एक विचार मनात येऊन गेला — आता सांगायचं राहिलंच कुणाला? आणि त्या दिवसांतही त्या विचाराने मला हलकं वाटलं. तेही लिहून ठेवते.

हे मराठीत लिहिते आहे. तुम्हांला ते बाबाकडून वाचून घ्यावं लागेल, म्हणजे त्यालाही कळेल. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, इंग्रजीत मी फार छान लिहिते. पण जे झालं ते छान लिहिण्यामुळेच झालं. मराठी मला घरात बोलते तशीच लिहिता येते. या कामाला ती बरी.

मागच्या रविवारी नील फोनवर म्हणाला, तो बॉक्सिंग शिकायला लागलाय. "आजी, तुला बॉक्सिंगमधलं काही कळतं का?" मी म्हणाले, "नाही रे राजा, मला काय कळणार?" किती सहज निघालं तोंडातून! फोन ठेवला आणि मी कोरे कागद काढले.

मला कळतं, नील. थोडं कळतं. कसं कळलं, ते सांगायचं आहे.

आजोबांना मानेसरला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही दिल्लीतलं भाड्याचं घर सोडून गुडगावच्या एका नव्या कॉलनीत राहायला गेलो. अर्ध्या प्लॉटांवर घरं आणि अर्ध्यांवर अजून मोहरी. पाणी टँकरचं, वीज बहुतेक जनरेटरची. पण क्लब मात्र तयार होता — बिल्डरने शाळेच्या आधी क्लब बांधला होता. परदेशी कंपन्यांचे साहेब कॉलनीत राहायला येऊ लागले होते, आणि क्लबचे अध्यक्ष खन्नासाहेब उठता-बसता म्हणत, "मैडम, कुछ इंटरनॅशनल होना चाहिए." त्यातून निघाली बॉक्सिंगची संध्याकाळ. क्लबकडे एक कोच होते — सैन्यातून निवृत्त झालेले, क्लबच्या मागच्या खोलीत राहणारे. सगळे त्यांना सुभेदारजी म्हणत. आणि मी ऑनररी सेक्रेटरी.

बावीस जणांचे फॉर्म आले. मी प्रत्येकाचं एक कार्ड केलं आणि सगळी एका पत्र्याच्या डब्यात क्रमाने लावली. नाव, वय, वजन, उंची, गाव — आणि शेवटचा रकाना, शैली. जोड्या लावताना शैली बघतात, असं मी एका इंग्रजी साप्ताहिकात वाचलं होतं. फॉर्मात मात्र शैलीबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. बावीस कार्डं, बावीस रिकामे रकाने. मला रिकामा रकाना बघवत नाही. तुमच्या आईला विचारा, ती हसून सांगेल.

एका दुपारी कूलरसमोर बसून मी ते सगळे भरले. कशावरून? मी तर आयुष्यात एकही लढत पाहिलेली नव्हती. फॉर्मला लावलेला फोटो पाहिला, गाव वाचलं, आणि लिहीत गेले. रोहतककडचा मुलगा — धडक मारणारा, मागे न हटणारा. मणिपूरचा मुलगा — चपळ, न थकणारा. आणि मग डॅनियल. झांबियाचा, फरिदाबादला फार्मसी शिकणारा, तेवीस वर्षांचा. त्याच्या रकान्यात मी लिहिलं — उपजत ताकद, आक्रमक, कितीही मार सहन करतो.

कितीही मार सहन करतो. हे मला कुणी सांगितलं होतं? तो तर अजून माझ्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. चेहरा मला माहीत होता — काळा, फोटोत अधिकच काळा आलेला. बस.

कमिटीच्या मीटिंगमध्ये जोड्या लावायला बसलो. डॅनियलच्या वजनाचा एकच होता, तो मणिपूरचा. खन्नासाहेब म्हणाले, "ना ना, ये लोग मशीन की तरह टुकटुक करते हैं, पब्लिक सो जाएगी." मग म्हणाले, "लेकिन उस हब्शी के सामने अपना कोई लडका जाएगा भी?"

मी पेन खाली ठेवलं. "खन्नासाहेब, प्लीज. आफ्रिकन म्हणा."

"सॉरी मैडम, सॉरी! आप तो हमारी हेडमिस्ट्रेस हो." सगळे हसले. मीही हसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शब्द मी सुधारला होता — आणि त्याच शब्दाचा अर्थ चांगल्या इंग्रजीत माझ्या डब्यात पडून होता.

उरला होता एका कारखान्याच्या टीमचा रोहतकचा मुलगा. डॅनियलपेक्षा दहा किलोंनी जड, आणि त्याच्या ठोशाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं. सुभेदारजी अस्वस्थ झाले. "दस किलो का फर्क है, मैडम. और मैंने ये लडका देखा नहीं है. कार्ड में क्या लिखा है?" त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. कार्डं नेहमी मीच वाचून दाखवायची. मी वाचलं, हिंदीत सांगितलं. शेवटचं वाक्य जरा ठासूनच सांगितलं असेन. त्यांनी माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिखा है तो चल जाएगा."

इथवर ती अडाणीपणाची चूक होती, असं कुणी म्हणू शकेल. पुढचं तसं नाही.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी डॅनियल सरावाला आला. सुभेदारजी त्या आठवड्यात गावी गेले होते, लग्नाला. मी खुर्ची टाकून बसले होते. रिंगमध्ये जाण्याआधी त्याने चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. जाड भिंगांचा. आणि मग तो खेळायला लागला — मी काय सांगू तुम्हांला? समोरच्याचा हात यायचा तेव्हा हा अर्धी वीत मागे सरकलेला असायचा. ठोसा नाकासमोरून निघून जायचा. तो मारायचाच कमी. घाई नाही, राग नाही. बुद्धिबळ खेळावं तसा.

उतरल्यावर चष्मा परत घेताना तो हळू आवाजात, माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत म्हणाला, "माझे डोळे कमजोर आहेत, मॅडम. म्हणून वडिलांनी मला मार न खाता खेळायला शिकवलं."

म्हणजे मला कळलं होतं. आठ दिवस आधी कळलं होतं. कार्डावर जे होतं त्याच्या नेमका उलटा हा मुलगा होता, आणि त्या कार्डावरून लावलेली जोड त्याला धोक्याची होती.

मी काय केलं? रोज डबा उघडला. रोज ते कार्ड बाहेर काढलं आणि परत जागेवर ठेवलं. कार्यक्रमाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. खन्नासाहेबांनी एका परदेशी साहेबाला माझी कार्डं दाखवून म्हटलं होतं, "सी, सो सिस्टिमॅटिक!" आता काय सांगणार — की शैली मी मनाने लिहिली? बावीसच्या बावीस? मला जमलं नाही. याहून मोठं कारण नव्हतं.

ती संध्याकाळ मे महिन्यातली. पाच वाजताच आभाळ पिवळं पडलं, वारा बंद झाला. आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येणार हे सगळ्यांना दिसत होतं. लॉनवर रिंग, खुर्च्या, सरबत. माइक खन्नासाहेबांकडे. त्यांनी माझं कार्ड जसंच्या तसं वाचलं — उपजत ताकद, आक्रमक, कितीही मार सहन करतो. लोकांनी शिट्या मारल्या.

पहिल्या फेरीत डॅनियलला एकही ठोसा लागला नाही. लोक चिडले. त्यांना सांगितलं होतं ते दिसत नव्हतं ना! "अबे मार ना! डरता है क्या?" कुणीतरी माकडाचा आवाज काढला. मग आणखी काहींनी काढला. आपल्याच कॉलनीतले लोक, ज्यांच्या घरी आम्ही दिवाळीला जायचो. डॅनियलने एकदा मान वळवून खुर्च्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या फेरीत धूळ आली. तो डोळे मिटमिटायला लागला आणि त्या जड मुलाने त्याला कोपऱ्यात गाठलं. एक, दोन — मग मी मोजले नाहीत. सुभेदारजी टॉवेल हातात घेऊन उठले — तो रिंगमध्ये टाकला की लढत थांबते. खन्नासाहेब माइक बाजूला करून म्हणाले, "बैठो यार, कार्ड में क्या लिखा है? सह लेगा."

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. मला स्पष्ट ऐकू आलं. सुभेदारजींनी माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी त्यांनी टॉवेल टाकला असता. मी मांडीवरच्या पत्रिकेकडे पाहिलं. ते खाली बसले.

डॅनियलच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण दृष्टी परत आली नाही.

कॉलनीतल्या तिघांची चौकशी समिती बसली. मला निरोप आला — उद्या कार्डांचा डबा घेऊन या. त्या दुपारी मी दार लावून घेतलं आणि नवं कार्ड केलं. तीच शाई, तेच अक्षर. शैली — मागे सरून खेळतो, बचाव उत्तम, चष्मा आहे, समान वजनाचाच प्रतिस्पर्धी द्यावा. त्या डब्यातलं ते एकमेव खरं कार्ड होतं. जुनं मी फाडून संडासात टाकलं आणि दोनदा पाणी सोडलं.

समितीने नवं कार्ड वाचलं आणि सुभेदारजींना विचारलं — इथे समान वजन असं स्वच्छ लिहिलेलं असताना तुम्ही ही जोड कशी मान्य केलीत? त्यांनी कार्ड हातात घेतलं. त्या इंग्रजी अक्षरांवरून अंगठा फिरवला. मी त्यांच्याकडे बघत होते, मनातल्या मनात म्हणत होते — बोला, ओरडा, मला खोटी म्हणा. ते म्हणाले, "मैडम ने लिखा है तो ठीक ही होगा. मुझे ही गलत याद होगा."

जुनं कार्ड खन्नासाहेबांनी स्वतः माइकवर वाचलं होतं, आणि ते तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. त्यांनाही ते सोयीचंच होतं.

सुभेदारजींना काढलं. त्यांनी खोली रिकामी केली त्या दिवशी मी घरातच होते, खिडकीतून पाहिलं. एक ट्रंक आणि एक वळकटी. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, डॅनियल आपल्या घरी आला. काळा चष्मा लावलेला. शिक्षण सोडून परत निघाला होता. खुर्चीत बसताना त्याने आधी हाताने खुर्चीची कड चाचपली. समितीने त्याला कार्ड दाखवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे आभार मानायला आलोय. इथे सगळ्यांनी मला पाहिलं, माइकवर त्यांनी भलतंच सांगितलं, पण मी कसा खेळतो ते एकट्या तुम्ही लिहिलंत."

मी म्हणाले, "यू आर वेलकम."

हो. एवढंच म्हणाले.

मग जरा संकोचत त्याने विचारलं, त्या कार्डाची एक नक्कल मिळेल का? वडिलांना दाखवायची होती — त्यांनी जे शिकवलं ते कुणीतरी ओळखलं, एवढं त्यांना कळलं तर बरं वाटेल, म्हणाला. मी आत गेले. कोरं कार्ड घेतलं, शाई भरली, आणि सगळे रकाने सुंदर अक्षरात भरले. खाली सही केली — ऑनररी सेक्रेटरी. बाहेर येऊन त्याला दिलं. त्याने ते डाव्या डोळ्याजवळ धरून सावकाश वाचलं, शाई ओली आहे म्हणून फुंकर घातली, आणि घडी न घालता, दोन्ही हातांत धरून घेऊन गेला.