कलिंगडाची फोड

बदलापूरच्या घरात कलिंगड कापलं की मला जपानमधली ती दुपार आठवते. वीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायचो. दारात बोटभर लांबीचा, शिंगवाला काळा भुंगेरा दिसला. अंबरनाथच्या चाळीत झुरळं मारून तयार झालेला माझा हात; विचार करायच्या आधीच चप्पल बसली. तिकडे मुलं असे भुंगेरे पाळतात, हे मला कुठे ठाऊक?

थोड्या वेळाने शेजारची छोटी मुलगी रिकामा डबा घेऊन आली. "काकू, माझा भुंगेरा पाहिलात?" तिने तिच्या भाषेत विचारलं.

"नाही गं."

सकाळी म्हटलेल्या पंचशीलातली दोन शीलं मी दुपारपर्यंत मोडली होती.

वासाने तो परत येईल म्हणून तिने आमच्याच दारात कलिंगडाची फोड ठेवली. आठवडाभर ती रोज फोड बदलत राहिली आणि मी आतून बघत राहिले.