मोजून वाढलेले ताट

थंडीचा शेवटचा मटार आणि उन्हाळ्याची पहिली कैरी मंडईत काही दिवस शेजारी शेजारी असतात. ती संधी साधून मी प्रयोगशाळेतल्या चौघांना संध्याकाळी जेवायला बोलावले. या शहरात वर्ष सरत आले, तरी कामाखेरीज माझ्याशी कोणी बोलत नव्हते. एका जेवणाने ते अंतर कमी होईल, असा माझा अंदाज होता.

गच्चीवर पांढरी चादर अंथरली. प्रत्येक ताटात मटाराच्या करंज्या, मूद पाडलेली कैरीची डाळ, वाटीत श्रीखंड. सारे वजन करून वाढलेले. फोटो निघाले.

"हॉटेल काढ बाई तू!" मुक्ता म्हणाली आणि तिने ताट पुढे केले. "डाळ वाढ ना थोडी."

"संपली गं."

"बरं झालं, नाहीतर फुटले असते मी," ती हसली आणि हात धुवायला उठली. पाठोपाठ बाकीचेही उठले.

आमच्या घरी पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणत ताटावर हात आडवा धरी आणि आई बोटांच्या फटीतून वाढे. त्या झटापटीत माणसे पानावर रेंगाळत, आणि रेंगाळताना बोलत. माझ्या नेमक्या हिशेबात आग्रहापुरते अन्न धरलेलेच नव्हते.

निरोप घेऊन चौघे जिना उतरले. मी ताटे गोळा करताना कठड्यावरून खाली पाहिले. फाटकाशी गाड्यांना टेकून ते गप्पा मारत उभे होते, अगदी निवांत.