कडूबाईची विहीर

कडूबाई हसताना मी कधी पाहिली नाही. बोरीच्या अलीकडच्या एका खेड्यात, बौद्धवाड्यात ती राहते. बहात्तरच्या दुष्काळात गावात विहीर खोदली गेली, तिचा निम्मा मुरूम कडूबाईच्या डोक्यावरून वर आला. चाळीस फुटांवर पाणी लागलं. त्या दिवशी सरपंच दत्तरावांनी नारळ फोडला आणि वाड्यातल्या बायांना सांगितलं, "आता दोराला हात लावायचा न्हाई."

तेव्हापासून या बाया घागरी खाली ठेवून उभ्या राहायच्या. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाही तर उन्हात उभं राहणं. कडूबाईला त्या दोराला हात लावायचा होता, एवढंच.

पंचाहत्तरच्या जानेवारीत कॅनडातून नऊ विद्यार्थी आले. दुष्काळातून गाव कसं सावरतं, हे तीन आठवड्यांत शिकायला. पंचायत समितीतर्फे मी त्यांच्यासोबत होतो. या गावाला त्यांचा एकच दिवस होता. वर्षानुवर्षं दुष्काळ सोसणाऱ्यांना जे उमगलं नाही, ते ही पोरं तीन आठवड्यांत वहीत उतरवणार होती.

पाहुण्यांभोवती विहिरीवर सगळं गाव जमलेलं पाहून दत्तरावांना भलतीच कल्पना सुचली. ते कडूबाईला म्हणाले, "ए कडू, धुतलेलं लुगडं नेसून ये. पाव्हण्यांसमोर एक घागर ओढ. आजच्या दिवस."

"आजच्याच?"

"लय बोलू नको. माझ्या कापसाच्या वेचणीला यायचं हाय ना?"

कडूबाई आली. कॅमेरे तिच्याकडे वळले. तिने घागर ओढली, जराही घाई न करता. पाहुण्यांतल्या एका मुलीने ओंजळ पुढे केली आणि पोटभर पाणी प्यायली. विहीर कुणी खोदली, असं तिने विचारलं. सोबतच्या प्राध्यापकांनी प्रश्न मराठीत सांगितला.

"गावानं," दत्तराव म्हणाले. "हितं भेदभाव न्हाई."

कडूबाईने तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "मग घ्या मालक. पाव्हणे बघायलेत."

"माझी आज निर्जळी हाय."

"सकाळी पारावर च्या पीत व्हता की."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. दत्तरावांनी तांब्या घेतला आणि पाणी काठच्या झाडाच्या बुडाशी ओतलं. प्राध्यापकांनी यातलं काहीच इंग्रजीत सांगितलं नाही. पण ती मुलगी त्या ओल्या मातीकडे पाहत राहिली आणि तिने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आपली घागर आणि आपला दोर घेऊन विहिरीवर गेली. मागे वाड्यातल्या सगळ्या बाया. दत्तराव काठावर उभे होते.

"काल पाव्हणे व्हते म्हणून."

"काल मला तुमीच बोलावलं. गावानं बघितलं. आज अडवायचं तर त्या पाव्हण्यांनाबी लिहून कळवा."

अडवलं नाही कोणी. पण रात्रीतून कप्पी काढून नेली. त्या हंगामात वाड्यातल्या एकाही बाईला वेचणीला बोलावलं नाही. कडूबाई सेलूला जिनिंगात सरकीच्या धुळीत राबून आली आणि आल्यावर दगडी काठावरून, हातानेच पाणी ओढत राहिली. गावाने त्या विहिरीचं पाणी पिणं सोडलं. दत्तरावांनी शेतात दुसरी खोदली.

दोन वर्षांनी कॅनडातून टपालाने फोटो आला. धुतलेल्या लुगड्यातली कडूबाई पाणी ओढतेय, शेजारी दत्तराव, दोघांच्या मागे गाव. दत्तरावांनी तो चौकटीत बसवून पंचायतीच्या भिंतीवर लावला. साहेब आले की बोट दाखवून सांगतात, आमच्या गावात असं आहे. मग विहिरीवर बंदी घालायची सोय उरली नाही. अजूनही गाव आणि वाडा एकमेकांशी बोलत नाहीत.

परवा विहिरीवर मी कडूबाईला फोटो पाहिलास का म्हणून विचारलं. दोराने काठाच्या दगडावर बोटभर खाच पडली होती. तिने तीत दोर बसवला.

"मला काय बघायचंय त्यात," ती म्हणाली. "तेवढा भिताडावरून त्यानं काढू नये."